पोस्टकार्डावरचा पूल

ते पोस्टकार्ड मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. ‘गुरुवारी पूल पाडायचा. सुरुंग तुमच्या होडीत चढवला आहे. पहारेकऱ्याचं तुम्ही बघा.’ खाली सही नव्हती. शिक्का दौंडचा होता आणि पत्ता शिरूरच्या एका दवाखान्यातल्या कंपाउंडरचा.

आणीबाणी लागून काही महिने झाले होते. मी त्या भागात फौजदार होतो. कार्ड एका पोस्टमनने आणून दिले. पोस्टकार्ड उघडेच असते. त्याने सहज वाचले आणि त्याला घाम फुटला. दौंडला भीमेवर रेल्वेचा पूल आहे. कंपाउंडरकडे होडी नव्हती, तेव्हा ‘होडी’ हा सांकेतिक शब्द असणार, असा अर्थ मी लावला.

कंपाउंडरला कार्ड दाखवून ठाण्यात बसवले आणि मी दौंड गाठले. पोस्टात अक्षर दाखवताच ते ओळखणारा माणूस भेटला. कार्ड लिहिणारा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होता. चाळिशीचा, चष्मेवाला, अंगाने किरकोळ. हमालांच्या देखत मी त्याला बेड्या घातल्या. गरज नव्हती. तो पळणारा माणूस नाही, हे मला दिसत होते.

घरझडतीत पोस्टकार्डांचा गठ्ठा, एक वही आणि तंबाखूच्या डबीत सहा कवड्या मिळाल्या. पंचनामा करून दुपारी त्याला घेऊन मी ठाण्यात परतलो. वरून निरोप आला होता की संध्याकाळी सहाला अहवाल फोनवर सांगायचा. त्या दिवसांत अशा अहवालावर माणूस आत गेला की कधी बाहेर येईल ते सांगता येत नसे, आणि रेल्वेची नोकरी तर पहिल्याच दिवशी गेली असती. त्याच्या घरी बायको आणि दोन मुली होत्या.

क्लार्क आणि कंपाउंडर, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून मी तेच प्रश्न विचारले. दोघांनीही एका नदीकाठच्या राज्याची हकीकत सांगितली. घाटाला अठ्ठावीस पायऱ्या, पुलावर एकच पहारेकरी, त्याचे कुत्रे एका डोळ्याने आंधळे. जबाब तंतोतंत जुळले. खरे बोलणाऱ्यांचे जबाब असे कधी जुळत नाहीत. एकाला सदरा लाल दिसतो, दुसऱ्याला निळा. जुळले म्हणजे पढवलेले, हे आम्ही पहिल्या वर्षातच शिकतो. मी क्लार्कच्या थोबाडीत मारली. चष्मा खाली पडला.

तो म्हणाला, “साहेब, हा खेळ आहे. मी लिहितो.”

मग त्याने सगळे सांगितले. तरुणपणी तो पुण्यात मुलांच्या एका मासिकासाठी कोडी आणि सोंगट्यांचे पट तयार करायचा. मासिक बंद पडले, तो रेल्वेत लागला. एकदा या कंपाउंडरने जुन्या अंकातले कोडे सुटत नाही म्हणून पत्र पाठवले. उत्तर न देता याने लिहिले, ‘समजा, तुम्ही नावाडी आहात. समोर पूर आलाय, काठावर एक जखमी राजा. काय कराल?’ तिकडून खेळी आली. हळूहळू सात जण झाले, नावाडी, वैद्य, सेनापती वगैरे. जो तो आपली खेळी कार्डावर कळवी आणि पुढे काय झाले ते हा सगळ्यांना लिही. सातांपैकी कोणी कोणाला पाहिलेले नव्हते.

माझा विश्वास बसला नाही. साडेपाच वाजले होते. एवढ्यात हवालदार आत आला.

“साहेब, त्यो कंपाउंडर सारखा इचारतोय, पूल पडला का म्हनून.”

“कोणता पूल?”

“त्योच की. म्हनतो, त्यांनी कवड्या टाकल्या का तेवढं इचारून या, जिवाला घोर लागलाय.”

कट करणारा माणूस कोठडीच्या दारात बसून पूल पडला का, असे विचारत नाही. मी क्लार्ककडे वळलो. “पडणार का पूल?”

“मला काय ठाऊक? सगळ्यांची कार्डं आली की कवड्या टाकायच्या. त्या सांगतील तसं.”

मी वही उघडली. दर फेरीला त्याने आधी आपल्या मनातले लिहिले होते आणि खाली कवड्यांचे दान. एका पानावर होते, ‘राजा जगावा असं वाटतं.’ खाली, ‘दोनच उताण्या. राजा गेला.’ झालेले ते सगळे दोघांना तोंडपाठ होते, कारण दोघांनी तीच कार्डे वाचली होती. होणारे कोणालाच माहीत नव्हते.

मी कंपाउंडरला आत बोलावले. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

“तुम्ही नावाडी?” क्लार्कने विचारले.

“व्हय. आन् तुम्हीच का वो ते? मला वाटलं, चांगले धिप्पाड असाल.”

हवालदाराला राहवले नाही. “पहारेकऱ्याचं काय ठरलंय?”

“त्याला फोडायचा. सोन्याचं कडं देऊन,” कंपाउंडर म्हणाला.

“न्हाई फुटायचा. पुलावर उभा ऱ्हानारा मानूस हाय त्यो, कडं काय करायचंय त्याला?” हवालदार म्हणाला.

“मग तुम्हीच व्हा पहारेकरी,” क्लार्क म्हणाला. गालावर माझी बोटे उमटलेली असताना तो हसला.

सहाला मी फोनवर सांगितले, आक्षेपार्ह काही नाही. पलीकडून खूप बोलणी खाल्ली. मी फोन ठेवला. अर्धा तास इकडे तिकडे झाला असता तर त्या घराचे काय झाले असते, हे तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी क्लार्कबरोबर दौंडला गेलो. तसा नियम नव्हता. पार्सल ऑफिसात, त्याच हमालांसमोर, त्याच्या साहेबांना म्हणालो, “चूक पोलिसांची होती. यांना मी विनाकारण नेलं, आणि मारलं.” मारल्याचे सांगायची कोणी सक्ती केली नव्हती. ते सांगितल्याशिवाय माझ्याने परत फिरवले नसते.

जुळलेले जबाब पढवलेले ठरवायची घाई मी पुन्हा कधी केली नाही. दोन माणसांना एकच गोष्ट मनापासून आवडलेली असू शकते, ही शक्यता आमच्या शिक्षणात नव्हती.

 त्या सकाळी ऑफिसात क्लार्कने टेबलावरची पार्सलची पावतीपुस्तके सरळ केली आणि मला विचारले, “साहेब, कामाला लागू?”

“लागा,” मी म्हणालो. रात्रभर छातीवर बसलेले ओझे तिथे उतरले.