पट्टी कुठल्या डोळ्यावर

मी पट्टीचा कागद सोलला, जुईचा चष्मा वर केला आणि पट्टी तिच्या डाव्या डोळ्यावर चिकटवली. कडा अंगठ्यानं दाबल्या, रोज दाबत होते तशाच. मग चष्मा परत नाकावर बसवला आणि मागे सरले. समोर स्टुलावर सुंदराक्का बसल्या होत्या. त्या पट्टीकडेच बघत होत्या. मला वाटलं, एखादी कड नीट बसली नसेल.

"रोज ह्याच डोळ्याला लाविता?" त्यांनी विचारलं.

"रोज. हाच तर कमजोर आहे."

"केव्हापासून?"

"तुम्ही सांगितल्यापासून. सहा महिने झाले."

त्यांनी हातातली टॉर्च बंद करून टेबलावर ठेवली. "बाई, पट्टी चांगल्या डोळ्याला लावायची. कमजोर डोळ्याकडून काम करवून घ्यायला. तुम्ही सहा महिने कमजोर डोळाच झाकिला." जुई माझी नात. तेव्हा साडेसहा वर्षांची होती. ती खुर्चीत पाय हलवत बसली होती आणि पट्टी न लावलेल्या, चांगल्या डोळ्यानं आमच्या दोघींकडे बघत होती.

त्या सुंदराक्का पाच आठवड्यांपूर्वी गेल्या. गेलेलं माणूस फार प्रेमळ होतं असं लिहायची पद्धत आहे. अक्का प्रेमळ नव्हत्या. चेन्नईत वेस्ट मांबलमला औषधांच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथं त्या मुलांचे डोळे तपासायच्या आणि मुलांच्या घरच्यांना झापायच्या. त्याआधी बरीच वर्षं एका मोठ्या इस्पितळात मुलांच्याच डोळ्यांचं काम केलं होतं. कुणी डॉक्टर म्हटलं की चिडायच्या. "मी ऑपरेशन करीत नाही. मी नंबर काढिते आणि डोळ्याला कामाला लाविते." घराणं तंजावरच्या मराठी लोकांपैकी, वडिलांच्या नोकरीपायी चेन्नईला आलेलं. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आवरेना. जुन्या पोथीतली बाई उठून तमिळ चालीत बोलायला लागावी तसं वाटलं. मी कराडकडची. नवरा चेन्नईजवळच्या आवडी गावात कारखान्यात होता, लग्न होऊन थेट तिथल्या क्वार्टरमध्ये आले आणि आवडीतच म्हातारी झाले. माझं बोलणं ऐकून अक्का म्हणायच्या, "तुम्ही भांडता की बोलता, तेच मज कळत नाही." वयानं त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान. पण सगळे अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे.

आता मी असं का केलं ते सांगते, कारण माझ्यासारख्या आज्या अजून आहेत. जुईच्या शाळेत मुलांचे डोळे तपासले, तेव्हा तिला डाव्या डोळ्यानं जवळजवळ काही वाचता येत नाही असं निघालं. तोवर घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण उजवा डोळा चांगला होता आणि पोरगी त्याच्यावरच सगळं निभावून नेत होती. अक्कांनी चष्मा दिला आणि पट्टी सांगितली. शाळेतून आल्यावर चार तास, उजव्या डोळ्यावर. माझी सून रश्मी कंपनीत कामाला, मुलगाही दिवसभर बाहेर, म्हणजे पट्टी लावणार मी. रश्मीनं कागदावर 'उजवा' असं मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवलं. मला वाचता येतं. तीन दिवस मी उजव्याच डोळ्यावर लावली. पोरगी रडली, दाराच्या चौकटीवर आपटली, दुधाचा पेला कलंडला, "आजी, मला नीट दिसत नाही" म्हणून माझ्या पदराला धरून फिरली. मग मी विचार केला. बोट कापलं तर कापलेल्या बोटाला चिंधी बांधतात. ह्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी ऑपरेशन झालेलाच डोळा झाकला होता. दुखतं ते झाकायचं, हे मला शिकवायला कुणी नको होतं. शिवाय अक्का पोरीच्या समोर तोंड करून बसणार. त्यांचा उजवा हात येतो तिकडे पोरीचा डावा डोळा. म्हणजे लिहिण्यातच गफलत झाली, असं मी ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी पट्टी डाव्या डोळ्यावर लावली. पोरगी हसत चित्रं काढत बसली. मला वाटलं, बघा, बरोबर होतं की नाही. रश्मी घरी यायची तोवर पट्टी निघून कचऱ्यात गेलेली असायची. रविवारी आईबापांना लावायची हौस येऊ नये म्हणून मीच म्हटलं, एक दिवस लेकराला मोकळं सोडा. रश्मीला विचारलं का नाही? विचारलं असतं तर तिनं मला समजावलं असतं, आणि तीन मुलं वाढवलेल्या बाईला ते नको होतं. एवढंच कारण आहे. दुसरं शोधून सापडणार नाही.

तिसऱ्या महिन्यात अक्कांनी तपासलं. चष्म्यानं सुरुवातीला तक्त्यावरच्या दोन ओळी वाढल्या होत्या, पुढे काही नाही. त्यांनी रश्मीला तोंडावर सांगितलं, "तुम्ही लावीत नाही आणि लाविते म्हणून सांगता." रश्मी घरी येऊन रडली. मी तिथंच भाजी निवडत होते. मी म्हटलं, त्या बाईला काही कळत नाही, दुसरीकडे दाखवा... हे मी म्हटलंय. सहाव्या महिन्यात रश्मीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून जुईला घेऊन मी गेले. अक्कांनी वही बघितली, डोळा बघितला, एक पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "रोज लाविता तशी लावून दाखवा." पुढचं वर लिहिलंच आहे.

त्या दिवशी त्यांनी जुईला बाहेरच्या खोलीत खडू देऊन बसवलं आणि नंबर काढायची ती लोखंडी चौकट माझ्या नाकावर चढवली. एका बाजूला काळी काच, दुसऱ्या बाजूला कसली तरी जाड काच. "आता जिना उतरून खाली जा." मी म्हटलं, पडेन. "मी धरिते, जा." मागून माझा पदर घट्ट धरून त्या उभ्या. तिसऱ्या पायरीवर मी खाली बसले. पायरी कुठं संपते तेच कळेना, नुसता पांढुरका धूर. "पाप्पाच्या डाव्या डोळ्याला हे ऐसं दिसतं," त्या म्हणाल्या. लहान मुलीला त्या तमिळ पद्धतीनं पाप्पा म्हणायच्या. मी म्हटलं, म्हणजे डोळा आळशी आहे. त्यावर त्या भडकल्या. "आळशी काय? त्याला कोणी काम दिलं नाही. घरात दोघे भाऊ असले, एकाचं म्हणणं नीट कळतं आणि दुसऱ्याचं कळत नाही, तर तुम्ही कोणाचं ऐकिता? डोक्यानं ह्या डोळ्याचं ऐकणं सोडिलं. पहिल्याला गप्प बसविलं तरच दुसऱ्याचं ऐकावं लागतं. आणि हे लहानपणीच होतं. मोठं झाल्यावर डोकं शिकत नाही." म्हणजे किती दिवस आहेत, मी विचारलं. "होते त्याहून सहा महिने कमी."

खाली उतरायच्या आधी त्यांनी आणखी एक सांगितलं. "आज घरी तुम्ही सांगा. उद्या दहाला मी फोन करिते. तुम्ही सांगितलं नसलं तर मी सांगेन." मी संध्याकाळी सांगितलं. मुलगा उठून गॅलरीत गेला. रश्मी इतकंच म्हणाली, "आई, फ्रिजवर लिहिलं होतं." 

मग सुरू झाला तो छळ. रोज चार वाजता अक्कांचा फोन. "लागली? कुठल्या डोळ्यावर?" मी म्हणायची, उजव्या. "पाप्पाला द्या." मग जुईला विचारायच्या, आजीचं तोंड दिसतं का, कसं दिसतं. जुई सांगायची, घाण दिसतं. "सेरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणून फोन ठेवायच्या. दिवाळीला फोन, रविवारी फोन, जुईला ताप आला तेव्हासुद्धा. एकदा मी चिडून म्हटलं, अक्का, एक चूक झाली म्हणून किती दिवस असं विचारणार? "डोळा वाचू लागेपर्यंत." पोरीला तांदळातले खडे वेचायला लावायचे, मणी ओवायला लावायचे, वर्तमानपत्रातले सगळे 'क' शोधून गोल करायला लावायचे, सगळं डाव्या डोळ्यानं. रोज रडारड. पट्टी उपटून कॉटखाली टाकायची, मी काठीनं काढायची. एकदा तिनं मला चावलं. मी अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. तुमचा हात तिला दिसला."

दर शनिवारी आवडीहून गाडी धरायची, उतरून पार्क स्टेशनवर दुसरी पकडायची, मांबलमला उतरून चालायचं. तिथं गेलं की अक्का मला बाहेरच्या बाकावर बसवायच्या आणि नवीन आलेल्या आयांना, आज्यांना सांगायच्या, "ह्यांस विचारा. ह्यांनी सहा महिने चुकीच्या डोळ्याला लाविली." माझ्यासमोर, तमिळमध्ये, पुन्हा मराठीत. मला राग यायचा. पण तिथं बसून मी जे ऐकलं त्यानं अक्कांचा राग मला कळायला लागला. एक बाप म्हणाला, मुलीला आत्ताच चष्मा लावला तर पुढं स्थळं कशी यायची. अक्का म्हणाल्या, "स्थळ बघायला तिला तरी दिसू द्या." एक आई गाजराचा रस पाजत होती आणि चष्मा पिशवीत ठेवत होती. नववीतली एक मुलगी वर्गात चष्मा काढून ठेवायची, फळ्यावरचं मैत्रिणीच्या वहीतून उतरवायची आणि गणितात नापास व्हायची. आई म्हणायची, अभ्यासच करत नाही. अक्कांनी त्या मुलीशी एकटीशी बराच वेळ बोलून, मग आईला आत बोलावून दार लावलं. आई बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली एक आजी मला हळूच म्हणाली, तिरळा डोळा नशिबाचा असतो, मोठा झाला की आपोआप सरळ होतो. मी तिला म्हटलं, मीही अशीच शहाणी होते. ती आत गेली आणि पुढल्या शनिवारी परत आली.  त्या दिवसापासून अक्का माझ्यासाठी कॉफी मागवू लागल्या. तीही पाणचट.

दीड वर्ष पट्टी चालली. ओळ वाढायची, अडायची, एकदा मागेही आली. आठ वर्षांची होईतो जुई डाव्या डोळ्यानं पुस्तक वाचू लागली. तेव्हा अक्कांनी पट्टी हळूहळू कमी करत बंद केली आणि फोनही बंद केला. मी एकदा विचारलं, ते सहा महिने गेले नसते तर डोळा पूर्ण आला असता का? खोटं बोलायला त्यांना काही लागलं नसतं. त्या म्हणाल्या, "मज ठाऊक नाही. तुम्हासही कधी कळणार नाही. ते तसंच ठेवून राहायचं." मला त्यांचा इतका राग आला की दोन शनिवार गेले नाही. तिसऱ्या शनिवारी गेले. आता तपासायला काही नव्हतं, तरी गेले. बाकावर बसले.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. त्या म्हणाल्या, शाळांच्या सुट्ट्या लागू देत. सुट्ट्या लागल्या तर म्हणाल्या, आता तर सगळी मुलं येतात, शाळा सुरू होऊ देत. मी त्यांना म्हटलं, अक्का, लोकांना सांगता वेळ जातो आणि तुमचं काय? तर मला म्हणतात, "तुम्ही चौथी पास, तुम्ही मज शिकविता?" मी म्हटलं, चौथी पासलासुद्धा कळतं एवढं सोपं आहे. त्या हसल्या आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. महिन्यानं त्यांच्या भाच्याचा फोन रश्मीला आला. रश्मीनं मला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो "मूर्ख बाई." रश्मी माझ्याकडे बघत राहिली. मी तेच परत म्हटलं. अजूनही म्हणते. माणूस स्वतःच्या बाबतीत इतकं आंधळं कसं होतं, ते मला कळत नाही... म्हणजे कळतं. मीही होते.

मांबलमच्या त्या दोन खोल्यांना आता कुलूप आहे. म्हणून गेल्या आठवड्यात जुईला एका इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण मुलीनं तिचा उजवा डोळा झाकला आणि वाचायला सांगितलं. जुईनं वाचलं, खालून दुसऱ्या ओळीपर्यंत. शेवटची ओळ आली नाही. त्या मुलीनं विचारलं, लहानपणी पट्टी कधी लावली होती? जुई म्हणाली, "आधी सहा महिने चुकीच्या डोळ्यावर, मग दीड वर्ष बरोबर." मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, मीच लावत होते.

सुंदराक्का गेल्या. जुई अकरा वर्षांची आहे. मी आहे.