आत्याबाईंच्या हातचं मीठ

तेर गावाच्या पलीकडं माझ्या सासरी मीठ घालायचं ते आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या अंदाजानं. स्वयंपाक मी करत असे, पण खडेमीठ त्या आपल्या मुठीनं माझ्या हातावर देत आणि मी ते भांड्यात टाकत असे. नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखायचं नाही, म्हणून सगळा भरवसा त्यांच्या मुठीवर.

वय झालं तशी त्यांची मूठ मोठी होत गेली. "कशाला चवच न्हाय बघ," असं त्या म्हणत. रोज थोडं थोडं वाढलेलं कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहिल्या बाळंतपणाला मी लोहाऱ्याकडं माहेरी गेले, तेव्हा आईचं वरण मला अळणी लागलं. मी वरून मीठ मागितलं. आई म्हणाली, "तुझी जीभ सासरची झाली बाई." तीन-चार महिन्यांत तेच वरण चांगलं लागू लागलं. मग परत आले, तर पहिल्याच घासाला पिठलं तोंडात धरवेना. घरातले सगळे आवडीनं खात होते.

त्या वर्षी येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात करायच्या सणाला, नणंदेच्या सासरची माणसं तुळजापूरहून आमच्या शेतात जेवायला आली. कडब्याच्या कोपीत, त्या लहानशा खोपटात, पूजा झाली, मग शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. पाहुण्यांनी पाण्याची घागर रिकामी केली. नणंदेची सासू हसत म्हणाली, "विहीर जवळ हाय म्हणून बरं हाय तुमचं."

पुढं नणंद माहेरी आली ती रडतच. सासरी तिला येता-जाता 'खारट घरची' म्हणत. आईला सांगायचा तिला धीर झाला नाही. मला म्हणाली, "वहिनी, पुढच्या येळवसेला तेवढं सांभाळा."

पुढच्या येळवसेला पहाटे भज्जी शिजत होती. आत्याबाईंनी मूठभर मीठ माझ्या हातावर ठेवलं. त्यांना काही सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. त्यांची पाठ वळल्यावर मी निम्मं टाकलं आणि उरलेलं पदराच्या गाठीत बांधलं.

शेतात पाहुण्यांनी भज्जी मागून घेतली. नणंदेचा चेहरा मोकळा झाला. तेवढ्यात मामंजी म्हणाले, "आज मीठ घालायचं ऱ्हायलं काय?" आमच्या घरातले बाकीचेही म्हणाले, "व्हय, अळणीच हाय."

आत्याबाईंनी घास तोंडात घेतला आणि तसाच धरून ठेवला. त्यांना तर तो मातीसारखा लागला असेल. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, आपल्या हाताकडं बघत होत्या. मिठाची गाठ माझ्या कमरेला खोचलेली होती. मी एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. मी आंबील वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिठाची बरणी चुलीपाशी आणून ठेवली. म्हणाल्या, "माझ्या हाताचा अंदाज गेला. आता तूच घाल." मी बरणी माझ्या बाजूला ओढून घेतली.

महिना-दोन महिन्यांत घरातल्या सगळ्यांच्या जिभा कमी मिठाला वळल्या. आत्याबाईंची वळली नाही, ते वयाचं होतं. मी त्यांच्या ताटात कडेला जास्तीचं मीठ वाढत असे. त्या उठल्या की ते तसंच असे. "बरं झालंय," एवढंच म्हणत आणि एकेक घास पाण्याबरोबर उतरवत.