नाव एकीकडे, मार्क दुसरीकडे

उसाच्या पाचटाचा वास आला की पाथर्डीतलं ऊसतोड कामगारांच्या मुलींचं वसतिगृह आठवतं. पोरींचे मार्क आईबापांना ऊसतोडीवरून पाहता यावेत म्हणून मी वेबसाइट केली होती, ठरावीक रुंदीची, मोठ्या स्क्रीनवर देखणी. तोडीला निघायच्या दिवशी पोरीला वसतिगृहात सोडायला आलेल्या एका आईनं ती छोट्या मोबाईलवर उघडली. पान बोटानं सरकवत म्हणाली, “दादा, पोरीचं नाव दिसतं तवा मार्क न्हाई, मार्क दिसतात तवा नाव न्हाई. मी कोनाचे मार्क वाचू?” बाहेर जीप हॉर्न देत होती. “थांबा, माज्या पोरीचं काम हाय!” असं ड्रायव्हरला ओरडून ती माझ्याशेजारी बसली. मी घाईनं पानाची रुंदी स्क्रीनप्रमाणे बदलती केली. एकाच ओळीत नाव नि मार्क वाचून ती हसत जीपमध्ये चढली. माझ्या कामातला दोष इतक्या नेमक्या शब्दांत त्यानंतर मला कुणीच दाखवला नाही.