बांधाखालची कावेरी

तंजावूरहून नैर्ऋत्येला निघालं की भाताची हिरवळ संपते आणि लाल मातीचा माळ लागतो. त्या माळावर माझ्या मालकीचं तळं आहे. केवढं म्हणून सांगू! पुण्याकडचे पाहुणे आले की मी सांगतो, पलीकडच्या काठावर सूर्य आमच्यापेक्षा अर्धा तास उशिरा उगवतो. खरं म्हणजे या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला शिवी दिली तर त्याला ती नीट ऐकू येते, आणि तो उलट देतो. पण पाणी अडवणारा बांध मात्र थापेतला नाही. तीन पुरुष उंच, नुसत्या मातीचा. त्याची निगा राखायची ती मी. सरकारी माणूस एकदा मोपेडवर येऊन गेला. कागद चाळून म्हणाला, "खासगी आहे सार, तुमचं तुम्ही बघा," आणि दोन शहाळी पिऊन निघून गेला.

मी बघितलं नाही.

आमच्या शेतात लावणीला एक म्हातारी यायची. सगळे तिला पाट्टी म्हणतात, म्हणजे आजी. काही वर्षांपूर्वी तिने मला बांधाच्या पायथ्याशी नेऊन दाखवलं. गवतातून करंगळीएवढी धार वाहत होती, काचेसारखी निवळ.

"अय्या," म्हणाली; मालकाला इथे अशीच हाक मारतात. "बांध गळतोय."

गळतोय हा शब्द मला नको होता. गळतोय म्हटलं की तळं उपसणं आलं, माती खणणं आलं, सगळा हंगाम हातचा गेला. मी म्हणालो, "गळतोय कसला, पाट्टी? ही कावेरी आहे कावेरी! जमिनीच्या पोटातून आलीय. तिरुवैयारूच्या घाटावर नदीत मी लिंबू सोडतो, तिसऱ्या दिवशी इथे वर येतं की नाही बघ."

आलंच. मी बाजारातून दोन लिंबं घेतली होती, दोन्ही सारखीच पिवळी. नदी खाली, माळ वर, पाणी चढण चढून कसं आलं हे एकानेही विचारलं नाही. मला जरा वाईटच वाटलं, कारण उत्तर तयार होतं.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. आधी हळदकुंकू आलं, मग दगड आला, मग धारेवरच सिमेंटचा चौथरा आणि त्यातून निघणारं पितळेचं गोमुख. सिमेंटच्या गोण्या मीच पाठवल्या होत्या. लग्न न जमणाऱ्या मुली येऊ लागल्या, नवी बस घेतलेले ड्रायव्हर येऊ लागले. आणि देवीजवळ कुणीतरी असावं म्हणून पाट्टीने रस्त्याकडेची आपली झोपडी मोडून थेट पायथ्याशी बांधली. तिथे ती, तिची सून, नात आणि तीन शेळ्या राहतात.

यंदा ऐप्पसीचा, म्हणजे दिवाळीच्या महिन्यातला, पाऊस असा कोसळला की बेडूकसुद्धा आडोसा शोधत होते. तळं काठोकाठ भरलं. माझा मेहुणा कालव्यांच्या कामावरून निवृत्त झालेला माणूस. दिवाळीला आला होता, त्याला मी मोठ्या ऐटीत गोमुख दाखवायला नेलं. त्याने काचेच्या पेल्यात पाणी धरलं. ते दुधाळ होतं. पेला चौथऱ्यावर ठेवून तो त्याच्याकडे बघत बसला. थोड्या वेळाने तळाशी बारीक मातीचा गाळ बसला.

"भावजी, निवळ पाणी गळलं तर दुरुस्तीला सवड असते. गढूळ आलं की बांध आतून वाहून चाललाय असं समजा. पोटात बीळ पडतंय."

"किती दिवस काढेल?"

"ते मला विचारू नका. तळं उतरवा. चौथरा फोडून धारेवर वाळू आणि खडीचे थर घाला, म्हणजे पाणी येईल, माती येणार नाही. आणि ही झोपडी आज हलवा. आज."

मी तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीचं दार उघडायला गेलो. त्याचा आटेदार दांडा इतका गंजला होता की दोन पिळांत तुटून माझ्या हातात आला. डिझेलचे दोन पंप लावले. दिवसभरात पाणी बोटभर उतरलं आणि एका सरीने हातभर चढलं. वाळू आणली, खडी आणली. चौथऱ्याला मात्र कुणी हात लावू देईना. पाणी पांढरं झालं म्हणजे देवीला पान्हा फुटला, असं गावाचं ठरलं होतं. चार गावांतून बायका तांबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पायांना चिखल लागू नये म्हणून माझी खडी वाटेवर पसरली गेली. छान पसरली होती.

शेवटी मी पाट्टीसमोर जमिनीवर बसलो.

"पाट्टी, लिंबू मीच टाकलं होतं. कावेरी नाही काही नाही. तू म्हणालीस तेच खरं होतं, बांध गळतोय."

ती दात नसलेलं तोंड उघडून हसली. "अय्या, तुमच्या किती थापा मी ऐकल्या! ही काही जमली नाही."

"थाप नाही गं. नातीची शपथ घेऊ?"

"तिचं नाव घेऊ नका." तिचं हसू गेलं. "सगळ्यांना देवी पावते आणि मालकाला बांधाची भीती वाटते होय? जमीन तुमची आहे, हाकला आम्हाला. पण देवी खोटी म्हणू नका."

हाकलायलाही मी तयार होतो. पण सून दारात उभी राहून म्हणाली, "रस्त्याकडची जागा तुम्ही नारळाला दिलीत, अय्या. जायचं कुठे?" मी म्हणालो, माझ्या घरी चला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हीसुद्धा त्यांना थापच वाटली. आमच्या घरात पाट्टी आजवर मागच्या दाराच्या पुढे आलेली नाही.

तिने गोमुखाखाली वाटी धरली, भरली, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे केली. "घ्या. मन थाऱ्यावर येईल."

नात बघत होती. रांगेतल्या बायका बघत होत्या. मी प्यालो. दातांखाली माती करकरली, ती मी गिळली. पाट्टीने वाटी परत घेतली आणि पुन्हा धारेखाली धरली. आता ती भरायला पूर्वीइतका वेळ लागत नव्हता.