बंदची हजेरी

आमच्या कंपनीत अप्रेंटिसच्या जागा दुप्पट झाल्या, त्या वर्षी मी शिकाऊ मुलांचा इन्स्ट्रक्टर होतो. वाळूजच्या बाजूला माळावर एकेक शेड उभी राहत होती, मोठाल्या खोक्यांतून नवी मशिनं उतरत होती आणि ती चालवायला माणूस मिळत नव्हता. पुण्याहून आणलेले कारागीर चार महिन्यांत उन्हाला कंटाळून परत जात. शेवटी कुणाला तरी सुचलं की इथलीच पोरं घ्या आणि शिकवा. एवढी साधी गोष्ट सुचायला साहेबांना किती मीटिंगा लागल्या, ते मी मोजलं नाही.

पोरं आली. गंगापूरची, करमाडकडची, शहरातल्या वस्त्यांमधली. पहिले दोन महिने मी त्यांना कानशीशिवाय कशाला हात लावू दिला नाही. लोखंडाचा तुकडा वाईसमध्ये आवळायचा आणि घासून सपाट करायचा, बस्स. एक जण म्हणाला, "सर, म्हैस धुतल्यावानी नुसतं घासतच ऱ्हायचं का?" मी त्याला आणखी एक तुकडा दिला. माझा स्वभाव तेव्हाही तिरसट होता.

त्या बावीस जणांत एक मुलगा हाताचा फार चांगला होता. शहरातल्याच एका दलित वस्तीतला. वडील नव्हते, आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. दोन तुकडे एकमेकांत बसवायचा एक जॉब असतो. बसवून खिडकीकडं धरला तर फटीतून उजेड दिसता कामा नये. त्याच्या जॉबमधून दिसत नसे. मी भिंग लावून पाहिलं, तरी दिसला नाही. आतून मला इतका आनंद झाला होता, पण तोंडानं "बरंय" एवढंच म्हणालो. वर्षाअखेरची ट्रेड टेस्ट तो पास झाला की नव्या शेडमधल्या मशिनवर त्यालाच घ्यायचं, हे माझं मॅनेजरशी बोलून झालं होतं. त्याच्या घरातली ती पहिली पक्की नोकरी असती.

अडचण होती हजेरीची. ठरावीक हजेरी भरली नाही तर टेस्टला बसू देत नसत. आणि दिवस होते नामांतराचे. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून मोर्चा निघे, बदलू नका म्हणून बंद होई. एसटी जागच्या जागी उभ्या. गावाकडच्या पोरांनी यायचं कसं? म्हणून आम्हा इन्स्ट्रक्टरांमध्ये एक रीतच पडली होती. बंद असला की संध्याकाळी सगळ्यांची हजेरी लावून मोकळं व्हायचं. आम्ही तिला 'बंदची हजेरी' म्हणायचो. मॅनेजरलाही ते ठाऊक होतं. पोरांचं वर्ष वाचतंय, आपलं काय जातंय, असा हिशेब. आपण खोटं लिहितोय असं माझ्या एकदाही मनात आलं नाही.

असाच एक बंद होता, नामांतराच्या विरोधातला. मी जवळ राहायचो, चालत गेलो. शेडमध्ये तो एकटाच. मागच्या गल्ल्यांमधून सायकलवर आला होता.

"आज कशाला आलास रे मरायला?" मी म्हणालो.

"टेस्ट जवळ आली, सर."

त्या दिवशी मी त्याला ड्रिलला धार लावायला शिकवली. दुपारी दोघांचे डबे एकत्र करून जेवलो. माझ्या घरी, आमच्या भावकीत, हे कळलं असतं तर चार शब्द ऐकावे लागले असते, म्हणून मी घरी सांगितलं नाही. संध्याकाळी रजिस्टर काढून बावीसच्या बावीस जणांपुढं 'हजर' लिहून खाली सही ठोकली. तो शेजारी उभा राहून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी घरी आले, माझ्या बहिणीचे यजमान. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्याच बावीस जणांत होता. बंदच्या दिवशी जालना रोडवर बस अडवताना पोलिसांनी त्याला धरून शहरात आणलं होतं. दाजी म्हणाले, "पाव्हणं, पोरगं दिवसभर तुमच्यापाशी व्हतं, असं लिहून द्या." वेगळं लिहायची गरजच नव्हती. रजिस्टरात ते होतंच. मी पानाची नक्कल करून शिक्का मारून दिली. भाचा दुपारी सुटला.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर त्या मुलाची आई उभी. बंदच्या दुपारी वस्तीजवळ दगडफेक झाली होती आणि पोलिसांनी रात्री वस्तीतली पोरं उचलली होती. त्यात तोही होता.

"सर, त्यो तर त्या दिशी तुमच्यापाशी व्हता ना?"

"व्हय. दिवसभर."

"मग तुमी येऊन सांगा. तुमचं ऐकतील."

मलाही तसंच वाटलं. रजिस्टर काखेत मारून मी पोलीस ठाण्यात गेलो. खरं सांगतो, जाताना मला थोडी ऐटच वाटत होती.

ठाण्यातल्या साहेबांनी पान पाहिलं. मग टेबलाच्या खणातून मी आदल्या दिवशी दिलेली नक्कल काढली आणि तिच्या शेजारी त्याच सकाळचा पेपर ठेवला. पेपरात फोटो होता. काचा फुटलेली एसटी, आणि तिच्यापुढं हसत उभा असलेला माझा भाचा.

"मास्तर, ह्याच कागदावर मी काल एक पोरगा सोडला," साहेब म्हणाले. "गावात चिटपाखरू नव्हतं आन् तुमच्याकडं बावीसच्या बावीस हजर?"

"साहेब, पण हा खरंच आला होता."

"आणि बाकीचे एकवीस?"

मी रजिस्टर मिटायला गेलो.

"लिहून द्या ना," साहेब शांतपणे म्हणाले. "एकवीस जणांची खोटी लावली, एकाची खरी. मग बघू कोर्ट काय म्हणतं ते."

मी मॅनेजरकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. असं लिहून दिलंत तर अख्खी बॅच टेस्टला मुकेल, म्हणाले. मिळालेल्या जागा जातील, मशिनं झाकून पडतील, तुमचा भाचा पुन्हा आत जाईल आणि तुमची नोकरी राहणार नाही. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मी भांडलो तरी असतो.

मी लिहून दिलं नाही. त्यानंतर एकवीस पोरांच्या भवितव्याचं कारण मी बऱ्याच जणांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. पण मी भ्यालो होतो, हे खरं. ठाण्याच्या बाहेर त्याच्या आईशेजारी दोनदा जाऊन उभा राहिलो. तिनं दर वेळी विचारलं, "सांगितलं का, सर?" मी म्हणालो, "सांगितलं." तेही खरंच होतं.

तो दीड महिन्यानं जामिनावर सुटला. तोवर टेस्ट होऊन गेली होती. भाचा पास झाला आणि नव्या शेडमधल्या त्याच मशिनवर लागला. तिथला फोरमन मला भेटला की विचारायचा, "तुम्ही एका चांगल्या हाताच्या पोराबद्दल बोलला होता, तो हाच का?"

वस्तीतला तो मुलगा शेडमध्ये आला तेव्हा मी एकटाच होतो. वाळला होता. मी त्याला बसवलं, चहा मागवला, फार बोललो. पुढची टेस्ट सहा महिन्यांनी आहे, म्हणालो. हे मधले दिवस हजेरीत कमी पडतील, पण तू काळजी करू नको, ते मी भरून टाकतो. बोलता बोलता मी रजिस्टर उघडलं होतं, पेनाचं टोपणही काढलं होतं.

"नको, सर."

"अरे, तुझंच वर्ष वाचेल."

"मी व्हतो त्या दिवसाची तुमची सही चालली नाय," तो म्हणाला. "नव्हतो त्या दिवसाची कशापायी करता? गैरहजर लिवा."

मी लाल पेन घेतलं. एकेक घर भरत गेलो. तो शेजारी उभा राहून प्रत्येक घर बघत होता. शेवटचं घर झालं तेव्हा म्हणाला, "आता बराबर हाय." चहा तसाच ठेवून तो गेला. टेस्टला पुन्हा कधी बसला नाही.