शकुबाईच्या समोर चालणारी भुरी

शकुबाईले कोणी "बिचारी म्हातारी" म्हटलं का माझं डोकं भणकते. बिचारी कायची? साठी उलटली, पण मोहाच्या फुलांची भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बाई नाल्याचा चढ अशी चढते का मागच्या पोरींले धाप लागावी. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, अन् खर्रा नसला तं कोणाचं तरी नाव. नवरा तापानं गेला तवापासून एकटी राह्यते. पोरगा वरोऱ्याले जिनिंगमध्ये कामाले आहे. तो म्हणते, "चाल माय, माझ्यासंग राह्य." तं ही विचारते, "तिथी मोहा पडते का रे?"

मी दुर्गा. ताडोबाच्या बफरमध्ये आमचं गाव, अन् सफारीच्या गेटासमोर माझा चहा-पोह्याचा ठेला. उजाडायच्या आधीच पाहुण्यांची झुंबड उडते. शकुबाईची जंगलात जायची वाट माझ्या ठेल्यावरूनच जाते, म्हणून ही सारी गोष्ट मी डोळ्यानं पाह्यली आहे, कोणाची ऐकलेली सांगून नाई राह्यली.

शकुबाई जंगलात एकटी जात नाई. तिच्या समोर भुरी चालते. भुरी म्हणजे मातकट रंगाची कुत्री, एक कान पडलेला, बरगड्या कोणीबी मोजून घ्याव्या. गळ्यात पट्टा नाई, कारण झुडपात पट्टा अटकला तं कुत्रं जागीच अटकून मरते. वाघाचा वास आला का ही शेपूट पोटात घालून मागे फिरते अन् शकुबाईच्या पायात घुसते. मग शकुबाई एक पाऊल समोर टाकत नाई. आल्या वाटेनं घरी. मोहा त्या दिवशी हरणांनी खाल्ला तरी चालते तिले.

आता यातली गोम सांगतो. सकाळी घरून निघताना शकुबाई भुरीले खायले काई देत नाई. अर्धी भाकर पदराले बांधून नेते अन् मोहा वेचून झाला का झाडाखाली बसून तिले देते. भुरी त्या भाकरीच्या वासावर जंगलात जाते. आमच्याकडे जंगलात जाणारे सारे असंच करतात. पोट भरलेलं कुत्रं काऊन जाईल मरायले? ते सावली पाह्यते अन् पसरते.

या वर्षी मोहा गळायले लागला अन् त्याच वेळी पाहुण्यांची गर्दी वाढली. सकाळी उपाशीपोटी चाललेली भुरी त्याईले दिसली. बरगड्या दिसल्या, पट्टा दिसला नाई. झालं! "अगं बाई, किती खंगली आहे, बेवारस आहे वाटतं." कोणी बिस्कीट टाकलं, कोणी ब्रेड, कोणी उकडलेलं अंडं. भुरी काई साधू-संत नाई. चार दिवसांत तिले गेट माहीत झालं. शकुबाई हाका मारे, भुरी शेपूट हलवे, चार पावलं जाये अन् पुन्हा माझ्या बाकाखाली येऊन बसे.

मी झाडू घेऊन भुरीमागे धावली तं पाहुणे माझ्यावरच उलटले. "मावशी, मुक्या जनावराला मारता? लाज नाही वाटत?" मी म्हटलं, "तुमची माया आवरा, मी झाडू आवरतो." बिस्किटाची बरणी फळीखाली ठेवली, तं लोकं आपल्या बॅगेतून काढायले लागले. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात. इथी कुत्र्यालेच भीक लागली होती.

अन् शकुबाई? ती एकटीच जायले लागली. मी भांडली तिच्यासंग. "आठ दिवस नको जाऊ ना वो!" तं म्हणते, "मोहा माह्यासाठी थांबते का? अन् पावसायात काय खाऊ, तुये पोहे?" तिचंही खरं होतं. मोहा गळते तवाच वेचा लागते. पण ती वळणावर दिसेनाशी झाली का माझा जीव टांगणीले लागे. चहा उतू जाये, पाहुणे ओरडत, मले काई सुचे नाई.

त्याच दिवसांत सांगलीची एक बाई आलती. नाव तिनं सांगितलं असेल, पण मी तिले सांगलीवालीच म्हणतो. सफारीपेक्षा तिचा जीव भुरीतच जास्त. भुरीच्या मानेवर जखम होती, त्यात किडे पडले होते, तेही तिलेच आधी दिसलं. रोज अंडं सोलून, बारीक करून भरवे. मले म्हणते, "मावशी, हिला मी गाडीतून सांगलीला नेऊ का? तिथं हिला नीट घर मिळेल." मी काई बोलणार, तेवढ्यात वळणावरून शकुबाई धावत आली.

डोक्यावर टोपली नाई, पायात चप्पल नाई, लुगडं काट्यानं फाटलेलं. बाकावर बसली अन् दात वाजायले लागले. मी पाणी देलं तं अर्धं अंगावर सांडलं. मग सांगायले लागली. ती मोहा वेचत होती. मान वर केली तं नाल्यापलीकडे वाघीण बसलेली. किती वेळची पाहून राह्यली होती कोण जाणे. शकुबाई तशीच उभी राह्यली, मग मागे मागे सरकली, अन् पायवाटेवर आल्यावर पळाली.

"दुर्गे," ती म्हणाली, "वाघिणीनं सोडलं मले. मी काई वाचली नाई." अन् भुरीकडे बोट दाखवलं. "ही संग असती तं मी नाल्यापर्यंत गेलीच नसती."

सांगलीवालीच्या हातात अर्धं अंडं तसंच राह्यलं. तिनं मले विचारलं, "ही कुत्री ह्यांची आहे?" मग मी सारं सांगितलं: अर्धी भाकर, भुरीचं समोर चालणं, पट्टा काऊन नाई ते. लय रागात सांगितलं. माह्या तोंडाले कुलूप नाई, साऱ्या गावाले माहीत आहे. मले वाटलं, आता ही रडेल नाई तं भांडेल. तिनं दोन्ही केलं नाई. ती शकुबाईच्या समोर खाली मातीत बसली अन् म्हणाली, "आजी, माझं चुकलं. उद्या जाणार का तुम्ही?"

"जा लागते ना माय. टोपली तिथंच राह्यली."

"मग मी काय करू ते सांगा. मी करते."

शकुबाईनं तिले एकटक पाह्यलं. म्हणाली, "खाऊ नको घालू. अन् खरंच माया येत असंल तं तिच्या मानेच्या जखमेचं पाह्य. अन् गावातल्या साऱ्या कुत्र्यायले पिसाळू नाई म्हणून सुई लावून दे. मागच्या साली आमच्या शेजारच्या इसरूले कुत्रं चावलं, तं त्याचे लय हाल झाले."

बाप्पा, त्या बाईनं त्या दिवशीची दुपारची सफारी सोडली! किती महिन्यांपासून बुक केलेली असते ती. जिप्सी चालवणाऱ्या रोशनले संग घेऊन ती गुरांच्या डॉक्टरकडे गेली. कुत्र्यायले सुया लावायची तारीख ठरवली, गावात घरोघरी फिरून विचारलं, कुत्रं कोणाचं, सुई लावायची का. न विचारता एकाही कुत्र्याले हात लावला नाई. संध्याकाळी डॉक्टर आले. भुरीच्या मानेतले किडे काढले, औषध भरलं. शकुबाईनं भुरीचं डोकं मांडीत दाबून धरलं होतं अन् सांगलीवाली टॉर्च धरून उभी होती. मंग हॉटेलात जाऊन दुसऱ्या पाहुण्यांले तिनंच समजावलं. माह्या झाडूनं झालं नसतं ते तिच्या गोड बोलण्यानं झालं, हे कबूल करा लागते.

दुसऱ्या दिवशी तिचा परतीचा दिवस होता. तरी ती अंधारात ठेल्यावर आली. भुरी तिले पाहून धावली, उड्या मारल्या, हात चाटले. हातात काई नव्हतं. भुरीनं ओढणी हुंगली, पुन्हा हात हुंगले, अन् कुईकुई करून समोर बसली. बाईनं दोन्ही हात मागे बांधले अन् तोंड फिरवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाकीचे पाहुणेही हात आवरून बसले. एका लहान पोरीनं बिस्कीट काढलं, तं तिच्या बापानं हळूच खिशात टाकलं. मी चहा गाळायचा सोडून पाह्यत राह्यली.

शकुबाई समोरून गेली. हाक मारली नाई. पदराची गाठ तेवढी चाचपली अन् चालू लागली. भुरी बसूनच. एकदा बाईकडे पाह्ये, एकदा वाटेकडे. वळणापाशी शकुबाई जवळजवळ दिसेनाशी झाली, तवा भुरी उठली. आंग झाडलं अन् धावत सुटली. शकुबाईले मागे टाकून समोर गेली.

सांगलीवालीले निघा लागलं, गाडी उभी होती. शकुबाई परत येईपर्यंत तिले थांबता आलं नाई. जाताना माह्या गळ्यात पडली. मी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला. मेली ही जीभ भांडायले तेवढी चालते.

ऊन चढल्यावर माझा फोन वाजला. सांगलीवालीच. गाडी वरोऱ्याले पोचली होती. मले वाटलं, भुरीचं विचारेल, जखमेचं विचारेल. ती म्हणाली, "मावशी, शकुबाई आल्या का?"

इतक्या वर्षांत या गेटावर किती पाहुणे आले अन् गेले. वाघ दिसला का, हे साऱ्यांनी विचारलं. शकुबाई आली का, हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. माह्या डोळ्यांले धारा लागल्या.

शकुबाई तवाच माह्या बाकावर टोपली उतरवून बसली होती, घामानं भिजलेली, पायाशी भुरी. मी फोन तिच्या कानाले लावला. तिले वाटते, दूरच्या माणसासंग जोरात बोला लागते.

"आली वो माय!" ती ओरडली. "मी आली वापस!"