लाँचवरच्या पंपाची दांडी

मंगळवारी सकाळी हे कामावर जायला निघाले आणि जिन्यात बसले. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत हे गेले होते.

दवाखान्यातून मला दोन पिशव्या मिळाल्या. एकीत जेवणाचा डबा होता. दुसरी मीच जुन्या उशीच्या अभ्र्याची शिवलेली होती, तिच्यात पंपाची दांडी होती.

हे एका खाजगी कंपनीच्या लाँचवर ड्रायव्हर होते. लाँच वर्सोव्याच्या खाडीत उभी असे. किनाऱ्याची मोजणी करणारी माणसं घेऊन ती कधीकधी दोन-दोन दिवस बाहेर राही, म्हणून तिच्यावर संडास होता आणि संडासाखाली टाकी. संडासात शेजारी-शेजारी दोन हातपंप बसवलेले. एकाने समुद्राचं पाणी आत यायचं, दुसऱ्याने टाकीतली घाण बाहेर जायची. टाकी रिकामी करायची ती किनारा दिसेनासा झाल्यावरच. पण दोन्ही पंपांच्या दांड्या सारख्याच होत्या.

एकदा मालकांचे कोणी पाहुणे लाँच बघायला आले. लाँच धक्क्याला लागलेली, खाडीला ओहोटी. पाहुण्यांनी पाणी सोडायचं म्हणून भलताच पंप हापसला, आणि पाणी येत नाही म्हणून जोरजोरात हापसला. त्या वेळी धक्क्याखाली कोळणी गुडघाभर पाण्यात कालवं काढत होत्या.

त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरी मासे आले नाहीत. यांना बाजारात कोणी मासे देईना. पाटीसमोर उभे राहिले की बाई पाटीवर फडकं टाकायची. शेवटी हे त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या दारात गेले आणि शब्द देऊन आले, की मी लाँचवर आहे तोवर तो पंप खाडीत चालणार नाही. कसा चालणार नाही, असं तिने विचारलं. हे म्हणाले, खाडीत शिरताना दांडी काढून घेईन आणि घरी नेईन. दांडीच नसली तर पाहुणा काय बोटाने हापसणार?

तेव्हापासून ती दांडी रोज आमच्या घरी यायची. डब्याच्या पिशवीत ती ठेवायला मी साफ नकार दिला, म्हणून अभ्र्याची पिशवी. दाराबाहेर, चपलांच्या वर, खिळ्याला ती लटकायची. संध्याकाळी हे धक्क्यावरून निघाले की म्हातारी दारातून विचारायची, "दांडी घेतलीस का रं?" आणि हे पिशवी उंच करून दाखवायचे. ही गोष्ट मला यांनीच सांगितली होती. सांगताना नक्कल करायचे. मी वाचत असले तरी पुस्तक खाली ठेवून ऐकायची.

सुतकातच कंपनीचा माणूस आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला. टाकी भरली आहे, लाँच बाहेर काढायची आहे आणि दांडी सापडत नाही, असं त्याने माझ्या दिरांना हळू आवाजात सांगितलं. दीर पिशवी काढायला उठले. मी म्हटलं, मी नेऊन देते. तेराव्याआधी घराबाहेर कशी जाणार, असं जाऊबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधेरीहून बस धरली.

कोळीवाड्यातून मी तोवर कधी गेले नव्हते. एका दारात म्हातारी बाई सुके बोंबील निवडत बसली होती. तिने माझ्याकडे नाही, पिशवीकडे पाहिलं.

"तू त्याची बायको का गं?"

मी हो म्हटलं. मग तो कुठे आहे, रजेवर आहे का, असं तिने विचारलं. मी सांगितलं. तिचे हात थांबले.  मग म्हणाली, "मंग आता दांडी कोन नेनार?"

मी नेईन, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी पार्ल्याच्या शाळेत ग्रंथपाल, ग्रंथालय साडेपाचला बंद व्हायचं. मी बसने येऊ शकले असते. धक्क्यावर चालत जाईपर्यंत मी ते सगळं मनात बसवलं होतं.

लाँचवर नवा ड्रायव्हर होता, पंचविशीतला, मालवणकडचा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मी रोज संध्याकाळी येऊन दांडी नेईन, हेही ऐकून घेतलं. मग मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. दांडी घरी नेली आणि माणूस आला नाही, तर लाँच अडते. आता अडलीच ना."

मी पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने मला वाकून संडासात यायला सांगितलं. दांडी पंपावर चढवली, खाली दाबली आणि भिंतीतल्या कडीला तारेने बांधली. पक्कडीने तारेला पीळ दिला, टोकं कापून टाकली.

"ओढा," तो म्हणाला.

मी एका हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी. दांडी हलली नाही.

"बाहेर समुद्रात गेल्यावर तार कापायची. खाडीत शिरायच्या आधी नवी बांधायची. मी नसलो तर दुसरा कोणी बांधील. कोणासाठी काही अडायचं नाही."

तो मला धीर देत होता. मला मात्र त्या तारेत खोट काढायची होती. मी वाकून ती पुन्हा पाहिली. कडी भक्कम होती, तारेला ढील नव्हती. चुकून कुणी हात घातला तरी पंप चालला नसता. त्याने रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली.

परतताना मी म्हातारीला तारेचं सांगितलं. तिला ते फारसं पटलं नाही. "बगते मी रोज चढून," ती म्हणाली. "बांदली नसंल तर त्याच तारंनं त्याला बांदीन." मला हसू आलं, आणि हसू आल्यामुळे मी तिथेच पायरीवर बसून रडले. तिने मला रडू दिलं. निघताना म्हणाली, तेरावा होऊ दे, मग ये, मासे देईन.

तेराव्यानंतर मी गेले. काही महिने दर आठवड्याला जात राहिले. तार बांधलेली असते का, असं विचारायची, आणि म्हातारी 'असते' म्हणायची. एकदा मी विचारल्यावर तिला क्षणभर आठवेना, कसली तार. मग मी विचारायचं सोडलं.

कंपनीने पुढे लाँच विकली. तोवर खाडीत तो पंप पुन्हा कुणी चालवला नाही. त्यासाठी यांची गरज पडली नाही, आणि माझीही. आता घरात मी एकटी आहे. शाळेतून येते, कुलूप काढते, दिवा लावते.